साडेसहाशे ट्रान्झिशन्स आणि एक अहिराणी ट्रेलर

गेल्या उन्हाळ्यात एका अहिराणी चित्रपटाच्या ट्रेलरचे संकलन माझ्याकडे आले आणि त्यासाठी मी प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा, साडेसहाशे तयार ट्रान्झिशन्स (एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या युक्त्या) देण्याचा दावा करणारा एक पॅक 1,799 रुपयांना विकत घेतला. दीड महिना तो जवळजवळ रोज वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. पॅकचे आणि विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण वेष्टन बदलून याच धाटणीचा माल अनेक नावांनी विकायला असलेला दिसतो आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल. माझे काम अमळनेरला चालते. वर्षातले बरेच महिने लग्नांच्या चित्रफिती, मध्ये मध्ये खान्देशी गाण्यांचे व्हिडिओ आणि क्वचित एखादा चित्रपट, असा हा व्यवसाय आहे. म्हणजे ट्रान्झिशन्स माझ्या हाताला नवीन नाहीत. नवीन होती ती दिग्दर्शकाची अट. “ताई, ट्रेलर साउथसारखा पाहिजे, बघणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही,” असे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले आणि त्याच रात्री मी तो पॅक उतरवून घेतला.

पॅक म्हणून जे हातात पडते ते नेमके काय असते, हे घेण्याआधी समजून घेतलेले बरे. यात कोणतेही नवे सॉफ्टवेअर नसते. प्रीमियरमध्ये आधीपासून असलेल्या इफेक्टांना दिलेल्या आकड्यांची ती जपून ठेवलेली नोंद असते. जिथे एक दृश्य संपून दुसरे सुरू होते त्या कटच्या वर एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालच्या चित्रावर परिणाम करणारा पारदर्शक थर, ठेवायचा आणि त्यावर प्रीसेट, म्हणजे ती जपलेली नोंद, ओढून टाकायचा, एवढेच काम. त्या प्रीसेटमध्ये बहुधा तीन गोष्टी एकमेकींवर रचलेल्या असतात. ‘रेप्लिकेट’ हा इफेक्ट चित्राच्या तीन बाय तीन अशा नऊ प्रती मांडतो, चार ‘मिरर’ त्या प्रतींच्या कडा आरशासारख्या उलट्या करून एकमेकींना जुळवतात आणि ‘ट्रान्सफॉर्म’ हा इफेक्ट ते नऊपट चित्र वेगाने सरकवतो, फिरवतो किंवा जवळ-दूर नेतो. ट्रान्सफॉर्मच वापरण्याचे कारण असे की क्लिपच्या नेहमीच्या ‘मोशन’ नियंत्रणातून हलवलेले चित्र कोरडे, झटक्याने सरकल्यासारखे दिसते, तर ट्रान्सफॉर्ममध्ये शटर अँगल, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर किती वेळ उघडे राहिले असे धरायचे ते, देता येतो आणि त्यामुळे हालचालीला कॅमेऱ्यासारखी पुसट शेपटी येते. 180 अंश दिले की एका फ्रेमच्या निम्म्या वेळाइतकी पुसटता मिळते, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रपटात एका सेकंदाच्या 48व्या भागाइतकी. पॅकवाले बहुतेक ठिकाणी 360 देतात आणि म्हणूनच त्यांचे नमुने इतके लोण्यासारखे वाहताना दिसतात.

ही रचना कळली की तिच्या मर्यादाही कळतात. आरशाने जुळवलेल्या कडा सपाट भिंत, आकाश किंवा समुद्र असताना लपून जातात, आणि विक्रेत्याचे नमुने नेमके तसेच असतात: डोंगरावर उभा असलेला प्रवासी, निळे पाणी, ड्रोनमधून दिसणारा रस्ता. आमच्या चित्रपटात नायिकेच्या चेहऱ्याचे जवळचे शॉट पुष्कळ आहेत आणि त्यांत कपाळाचा वरचा भाग फ्रेमच्या कडेला टेकलेला आहे. तिथे झूमचे ट्रान्झिशन लावल्यावर दोन-तीन फ्रेमपुरते तिच्या डोक्यावर तिचेच उलटे डोके उगवले. चालत्या चित्रात ते निसटते असे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे आणि ते खरेही आहे, पण ट्रेलर आता यूट्यूबवर थांबवून थांबवून पाहिला जातो आणि आमच्या गावातली मुले अशा फ्रेमचा स्क्रीनशॉट काढायला किती वेळ लावतील हे मी सांगायला नको.

दुसरी अडचण रुंद चित्राची. चित्रपटगृहासाठीची स्कोप चौकट 2048 बाय 858 पिक्सेलची असते आणि ऑनलाइन प्रत करताना तीच 1920 बाय 1080 मध्ये वर-खाली काळ्या पट्ट्या देऊन बसवली जाते. अ‍ॅडजस्टमेंट लेयर आपल्या खालच्या सगळ्यांवर चालतो, त्यामुळे पट्ट्या त्याच्या खालच्या ट्रॅकवर (थरावर) राहिल्या तर चित्राबरोबर त्याही गरगरतात. पट्ट्या सर्वांत वरच्या ट्रॅकवर नेल्या की प्रश्न मिटतो. मात्र हे पॅकसोबतच्या सूचनांमध्ये कुठेही लिहिलेले नाही आणि माझी एक पूर्ण दुपार त्यात गेली. त्या दुपारी बाहेर 44 अंश तापमान होते आणि संगणक आतून त्याहून तापलेला होता. नऊ प्रती, चार आरसे आणि पुसटपणा असा भार प्रत्येक फ्रेमवर पडत असल्याने टाइमलाइन, म्हणजे शॉट ओळीने मांडलेली पट्टी, सलग चालेना. प्रत्येक ट्रान्झिशन आधी रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून पूर्ण तयार करवून घेऊन, मगच पाहावे लागे. मध्यम क्षमतेच्या संगणकावर काम करणाऱ्यांनी हा वेळ हिशेबात धरावा.

आता मूळ प्रश्न, की ही ट्रान्झिशन्स ट्रेलरमध्ये काय परिणाम करतात. पॅकमधला सर्वांत मोठा वाटा फटकाऱ्याच्या हालचालींचा आहे, ज्यात चित्र डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली इतक्या वेगाने पुसले जाते की पुढचे दृश्य त्या पुसटपणातूनच उघडते. या प्रकाराची एक अट असते आणि ती कोणी सांगत नाही: दोन्ही शॉटमध्ये मुळात हालचाल असावी लागते आणि ती एकाच दिशेची असावी लागते. आमचे चित्रीकरण तिपाईवरचे आहे, संथ आहे आणि कथेला ते शोभणारेही आहे. खळ्यात बसलेल्या बापाच्या स्थिर शॉटवरून ओसरीतल्या आईच्या स्थिर शॉटवर फटकाऱ्याने गेले की वाटते, कॅमेरामनला कोणी तरी धक्का दिला. साडेसहाशेपैकी या वर्गातली ट्रान्झिशन्स मी जवळपास चाळीस ठिकाणी लावून पाहिली आणि एकाच ठिकाणी ठेवली. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात घेतलेला एक शॉट आहे. त्यात घोडा डावीकडून उजवीकडे फेकल्यासारखा धावतो आणि कॅमेरा त्याच्यामागे वळतो. पुढच्या शॉटमध्ये नायक मोटारसायकलवर त्याच दिशेने जातो. तिथे फटकारा असा काही बसला की दिग्दर्शक खुर्चीतून उठले. मात्र त्याचे श्रेय पॅकला किती द्यायचे, याचा विचार मी नंतर केला. फटकारा काढून सरळ कट ठेवला तेव्हाही ती जागा जवळजवळ तितकीच चालत होती, कारण घोड्याचे डोके आणि मोटारसायकलचा दिवा पडद्यावर एकाच ठिकाणी येत होते आणि पाहणाऱ्याच्या नजरेला शोधाशोध करावी लागत नव्हती. हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत भावनेला 51 टक्के वजन आहे आणि नजरेच्या या मागोव्याला अवघे 7 टक्के. ट्रेलरपुरते मला ते 7 टक्के फार कमी वाटतात. पूर्ण चित्रपटात प्रेक्षक एका शॉटमध्ये स्थिरावतो. ट्रेलरमध्ये सेकंदाला एक शॉट जात असताना नजर चुकली की शॉटच वाया जातो, मग त्यातली भावना कोणापर्यंत पोहोचणार?

फ्रेमच्या वेगाचाही एक बारीक मुद्दा आहे. पॅकची ट्रान्झिशन्स सेकंदाला 30 फ्रेम धरून बेतलेली दिसतात. दहा फ्रेमचा फटकारा 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर आठ फ्रेमचा होतो आणि त्याच्या चढ-उतारातला गुळगुळीतपणा कमी होतो. मोबाइलवर ते कळत नाही, पण जळगावला एका चित्रपटगृहात सकाळच्या खेळाआधी आम्ही चाचणी पाहिली तेव्हा मोठ्या पडद्यावर झूमचे दोन फटकारे पोटात कालवल्यासारखे वाटले. हाताएवढ्या पडद्यावर जे वेगवान वाटते ते तीस-चाळीस फुटांच्या पडद्यावर प्रेक्षकाला अक्षरशः ढकलते. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागत असल्याने ती प्रत तशीही आधी आणि वेगळी तयार होते. तेव्हा ट्रान्झिशन्सही दोन्ही प्रतींत वेगवेगळी ठेवावीत, असे मी आता सर्वांना सांगते.

ग्लिच, म्हणजे चित्र फाटल्यासारखे होऊन रंग सुटे होणे, या प्रकाराचा पॅकमध्ये स्वतंत्र विभाग आहे. केळीच्या बागेत घडणाऱ्या गोष्टीत सिग्नल कुणाचा तुटणार, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. तरीही दिग्दर्शकांच्या आग्रहाखातर खलनायकाच्या प्रवेशाला एक लावला. त्याचा निकाल तांत्रिक बाजूनेच लागला. मोबाइलवर किंवा यूट्यूबवर जाणाऱ्या चित्राचे जे संक्षेपण (कॉम्प्रेशन) होते, त्यात बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून अंदाज बांधून साठवल्या जातात. फक्त बदललेले तेवढे नोंदवले जाते. ग्लिचमध्ये प्रत्येक फ्रेममध्ये सगळेच बदलते, अंदाज फसतो, ठरलेल्या बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या डेटामध्ये, ते सगळे मावत नाही आणि चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून दोनदा पुढे गेलेली प्रत मी मागवून पाहिली, तर खलनायकाचा चेहरा ग्लिच संपल्यानंतरही काही क्षण ठोकळ्यांतच होता. आमचा प्रेक्षक ट्रेलर मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतूनच पाहतो. कणांचा पाऊस, ठिणग्या, जुन्या फिल्मचे दाणे या सगळ्यांचे हेच होते.

चमक, म्हणजे फ्लॅश, हा प्रकार वापरताना मात्र केवळ अभिरुचीचा प्रश्न नसतो. पॅकमधली काही ट्रान्झिशन्स एका कटमध्ये चार-पाच वेळा पांढरा पडदा झळकवतात. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका देऊ नयेत, हा संकेत आता सर्वत्र सांगितला जातो. विक्रेत्याने त्या फोल्डरवर एका ओळीची सूचना लिहायला हरकत नव्हती. मी ते संपूर्ण फोल्डर बाजूला ठेवले.

लाइट लीकबद्दल मात्र चांगले लिहायला हवे. फिल्मच्या कॅमेऱ्यात फटीतून उजेड शिरला की निगेटिव्हवर केशरी-लाल डाग येत; पॅकमध्ये तशाच डागांच्या 24 क्लिप आहेत आणि ‘स्क्रीन’ या मिश्रणाने त्या चित्रावर बसतात. वैशाखातल्या उन्हात घेतलेल्या आमच्या दृश्यांवर त्या इतक्या सहज मिसळल्या की त्या बाहेरून आणल्या आहेत हे सांगूनही खरे वाटू नये. तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. नंतर मात्र थोडी लाज वाटली, कारण टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून छायाचित्रे उभी करणारे केकी मूस ज्या चाळीसगावात 1989 पर्यंत राहिले ते येथून फार दूर नाही, आणि मी मात्र उजेडाचा डाग विकत घेत होते. पुढच्या कामासाठी एक काचेची बांगडी आणि विजेरी भिंगासमोर फिरवून सहा लीक घरीच केले. ते पॅकमधल्यांपेक्षा जास्त ओबडधोबड आहेत आणि मला जास्त आवडतात.

आता वाइप. पडद्यावरून एक रेघ सरकत जाऊन जुने दृश्य पुसते आणि नवे उघडते, हा प्रकार अकिरा कुरोसावा यांनी 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये जाणीवपूर्वक वापरला आणि 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मुळे तो जगभर पुन्हा ओळखीचा झाला. पॅकमध्ये त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत. माझ्या दृष्टीने परीक्षणातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे पॅक नव्हे, तर आमचा प्रेक्षक वेगळा निघाला. ट्रेलरचा दुसरा खर्डा दिग्दर्शकांच्या घरी दाखवला तेव्हा त्यांची आई स्वयंपाकघरातून येऊन पाहू लागली. पान उलटल्यासारखे एक आणि गोल उघडणारे एक अशी दोन ट्रान्झिशन्स गेल्यावर तिने विचारले, “हाई लगीननी कॅसेट से का?” सगळे हसले, पण ती बरोबर बोलली होती. खान्देशातल्या खेड्यापाड्यांत वाइपशी लोकांची ओळख कुरोसावांनी करून दिलेली नाही. ती व्हिडिओ मिक्सरवर केलेल्या लग्नाच्या कॅसेटींनी करून दिली. हळदीवरून मांडवावर जाताना पान उलटे, वधूवरून वरावर जाताना हृदयाचा आकार उघडे आणि विहिणींच्या रांगेवर चित्राचे ठोकळे होऊन फिरत. ती भाषा दोन पिढ्यांच्या डोळ्यांत पक्की बसली आहे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या संकलकाला जे वाइप जुन्या सिनेमाची आठवण देते ते माझ्या प्रेक्षकाला मावसबहिणीच्या लग्नाची आठवण देते, आणि खुनाच्या दृश्याआधी ही आठवण परवडणारी नाही. त्या कॅसेटींपैकी काही माझ्याच हातच्या असल्याने तक्रार तरी कोणाकडे करणार? विनोदी चित्रपटाच्या ट्रेलरला मात्र हेच वाइप सोन्यासारखे उपयोगी पडेल. तशी संधी मिळाली तर मी मुद्दाम वापरीन.

या प्रसंगानंतर मी चित्रीकरणाचे सगळे फुटेज पुन्हा पाहिले आणि त्यात मला फुकटची वाइप सापडली. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत कॅमेरा नायिकेबरोबर चालत असताना दर दोन-तीन पावलांना केळीचे खोड भिंगाच्या अगदी जवळून जाते आणि क्षणभर पूर्ण फ्रेम हिरवी-काळी होते. त्या क्षणी कट केला की खोडामागून दुसरेच दृश्य निघते. त्याहून मोठी वाइप रेल्वेने दिली. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे आणि फाटकावर घेतलेल्या एका शॉटमध्ये मालगाडी नायकाच्या पुढून जाते. एकेक वाघीण (मालाचा डबा) म्हणजे एकेक पुसणारी रेघ. दोन वाघिणींच्या फटीतून प्रत्येक वेळी वेगळे दृश्य दाखवत मी पंधरा सेकंदांत त्याचे पूर्ण बालपण सांगून टाकले. यासाठी चित्राचा ठरावीक भाग झाकणारे मास्क ओढावे लागले, दोन रात्री गेल्या आणि पॅकमधले काहीही लागले नाही.

डिझॉल्व्हसाठी, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात हळूहळू विरघळण्यासाठी, पॅक घ्यायची गरजच नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये असतोच. पण त्याच्या लांबीचा विचार आपण विसरलो आहोत, एवढे इथे नोंदवते. फिल्मच्या काळात डिझॉल्व्ह हवा असेल तर निगेटिव्ह ए आणि बी अशा दोन रोलांत कापून प्रयोगशाळेत पाठवावी लागे आणि 16, 24, 32, 48, 64 किंवा 96 फ्रेम अशा ठरलेल्या लांबींमधून एक निवडावी लागे. खर्च होत असल्याने संकलक आधी विचार करीत. आज बटण दाबले की एक सेकंदाचा डिझॉल्व्ह आपोआप पडतो आणि बहुतेक जण तो तसाच सोडतात. आमच्या ट्रेलरमध्ये बापाच्या चेहऱ्यावरून कोरड्या विहिरीवर जाणारा एकमेव डिझॉल्व्ह आहे. तो मी 48 फ्रेमचा, म्हणजे दोन सेकंदांचा ठेवला आणि बाकी सगळे धावत असताना तेवढाच थांबतो म्हणून तो लक्षात राहतो.

पॅकमधली सर्वांत कामाची गोष्ट विक्रेत्याने जाहिरातीत शेवटच्या ओळीत लिहिली होती: सोबत 120 ध्वनी मोफत. आवाज नीट लागला की डोळा कितीही साधा कट गोड मानून घेतो, हे मला या कामात नव्याने पटले. रायझर, म्हणजे चढत जाणारा आवाज, त्याच्या टोकाला एकदम शांतता, काळा पडदा आणि मग खोल आघात. एवढ्यावर ट्रेलरचा अर्धा तोल सांभाळला जातो. 2010 च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरनंतर तो भोंग्यासारखा घुमणारा आघात जगभर इतका पसरला की आता तो ऐकला की हसू येते. शिवाय मोबाइलच्या स्पीकरमधून खालच्या पट्टीचे आवाज जवळजवळ निघतच नाहीत, त्यामुळे ज्याच्यासाठी आपण ऊर बडवतो तो आघात आमच्या प्रेक्षकाला ऐकूच जात नाही. मी त्याऐवजी पॅकमधला लाकडावर पडल्यासारखा एक कोरडा ठोका वापरला, जो स्वस्तातल्या फोनवरही स्पष्ट वाजतो.

याच फोल्डरने मला सर्वांत मोठा धडाही दिला. प्रत्येक फटकाऱ्यासोबत ‘वूश’ आवाज येतो आणि तो मुळात गाळलेला गोंगाट असतो, म्हणजे त्यात वरच्या पट्टीचे सगळे स्वर मिसळलेले असतात. ‘स’ या वर्णाचा आवाजही नेमका त्याच पट्टीत असतो. मराठीत वाक्य ‘आहे’ने संपते, अहिराणीत ते ‘से’ने संपते. ट्रेलरमध्ये संवाद संपता संपताच कट होतो, कटच्या चार-पाच फ्रेम आधी वूश सुरू होतो आणि तो ‘से’ गिळून टाकतो. नायिकेचे “माले माहीत से” हे ट्रेलरमधले मुख्य वाक्य पहिल्या खर्ड्यात “माले माहीत” एवढेच ऐकू येत होते. ऐकणाऱ्याला ते अर्धवट तोडल्यासारखे, शिवाय अहिराणी नसल्यासारखे वाटत होते. मी आधी आवाजाची पातळी कमी केली, पण उपयोग झाला नाही, कारण प्रश्न पातळीचा नव्हता. मग वूशच्या वरच्या पट्ट्या इक्वलायझरने कापल्या, त्याची सुरुवात कटच्या आधी न ठेवता कटवर आणली आणि जिथे वाक्य ‘से’ने संपते तिथे तो पूर्ण काढून टाकला. त्या जागी आता काहीच नाही: वाक्य संपते, आठ फ्रेम काळा पडदा येतो आणि मग ठोका. दिग्दर्शकांना श्वास घेऊ द्यायचा नव्हता. त्यांनी हे ऐकले आणि काही बोलले नाहीत, तेव्हा ते मान्य झाले असे मी समजले.

शीर्षकांच्या तयार साच्यांबद्दल थोडक्यात. पॅकमधल्या फाँटांत देवनागरी नाही, त्यामुळे प्रथम सगळीकडे चौकोन दिसतात. फाँट बदलून, प्रीमियरच्या पसंतींमध्ये (प्रेफरन्सेसमध्ये) मजकुरासाठी दक्षिण आशियाई पर्याय निवडल्यावर जोडाक्षरे सुधारतात, पण एकेक अक्षर उडत येणारे साचे तरीही बिघडतात. वेलांटी आधी पोहोचते आणि अक्षर मागाहून येते. पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम हलवणारे साचे तेवढे चालतात. असे पाच निघाले.

विक्रेत्याच्या सेवेविषयी तक्रार करण्याजोगे फार नाही. परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचा उल्लेख मात्र नव्हता. मी विचारणा केली, नवव्या दिवशी एका ओळीत होकार आला आणि तो मी जपून ठेवला आहे. पैसे परत करण्याची सोय नाही. साडेसहाशे हा आकडाही फुगवलेला आहे: डावी-उजवी, वर-खाली आणि हळू-जलद अशी एकाच ट्रान्झिशनची भावंडे वेगळी मोजली आहेत. नीट छाटले तर सत्तर-ऐंशी मूळ जाती उरतील.

घ्यावा का? प्रवासाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे किंवा नाचगाण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांना हे पैसे महिन्याभरात वसूल होतील, कारण तिथे हालचाल मुबलक असते आणि संवाद नसतो. प्री-वेडिंगवाल्यांनी तर घ्यावाच. चित्रपटाच्या ट्रेलरसाठी, त्यातही संवादावर उभ्या असलेल्या चित्रपटासाठी, फक्त ध्वनींचे फोल्डर आणि लाइट लीक वेगळे मिळत असतील तर चार-पाचशे रुपयांपर्यंत द्यायला हरकत नाही. मी पूर्ण पॅकला पाचपैकी अडीच गुण देते आणि त्यातले दोन आवाजांचे आहेत.

अंतिम ट्रेलर 2 मिनिटे 6 सेकंदांचा झाला. त्यात 91 कट आहेत. पॅकमधला एक फटकारा, तीन लाइट लीक आणि अकरा आवाज त्यात आहेत. काळ्या पडद्याच्या सहा जागा आहेत आणि त्यांतल्या चार ‘से’नंतर येतात. मालगाडी पहिल्याच मिनिटाला जाते. दिग्दर्शकांच्या आईने तो शेवटचा पाहिला तेव्हा ट्रान्झिशनबद्दल काही विचारले नाही. फाटक कोणत्या गावाचे, एवढेच विचारले.